‘लागणे’ कसं वापरायचं: मराठी नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मराठी शिकायला घेतली की पहिल्या आठवड्यातच हे क्रियापद भेटतं आणि पुढे कित्येक महिने पाठ सोडत नाही. भूक लागते, वेळ लागतो, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, श्रावण लागतो. भाजी तिखट लागते, दूध पातेल्याला लागतं. शेजारच्या काकू लांबच्या नात्याने मामी लागतात. एसटी स्टँडवर गाडी लागते आणि त्याच गाडीत बसल्यावर कोणाला तरी गाडी लागते.

अर्थांची यादी करून ती पाठ करायला मी कोणालाही सांगत नाही. यादी संपत नाही, आणि बोलताना ती आठवतही नाही. पण या क्रियापदाभोवती वाक्यं ज्या तऱ्हांनी बांधली जातात त्या तऱ्हा थोड्याच आहेत. त्या ओळखायला शिकलात की कधीच न ऐकलेलं वाक्यही उलगडतं. मराठीत हिंदी-गुजरातीतून येणारे, घरात मराठी ऐकलेली पण परदेशात वाढलेली मुलं आणि त्यांना शिकवणारे, अशा सगळ्यांसाठी या पायऱ्या लिहिल्या आहेत.

पायरी १: मुळात काय घडतं ते पाहा

संस्कृतात ‘लग्’ म्हणजे चिकटणे, जोडलं जाणे. त्यावरून ‘लग्न’, म्हणजे चिकटलेलं. प्राकृतात त्याचं ‘लग्ग’ झालं आणि मराठीत ‘लाग’. ‘संलग्न’, ‘लगतचा’, ‘लागण’, ‘लागू’, ‘लागोपाठ’ हे सगळे याच घरातले. ‘लग्न लागलं’ या दोन शब्दांत तर एकच धातू दोनदा येतो. हे वाक्य ‘लग्न झालं’ याच्याहून वेगळं आहे हेही इथेच लक्षात घ्या. ‘बारा वीसला लग्न लागलं’ म्हणजे मंगलाष्टकं संपून शेवटच्या अक्षता पडल्या तो क्षण. ‘गेल्या वर्षी लग्न झालं’ म्हणताना तो क्षण डोळ्यांपुढे नसतो, सगळा समारंभ असतो.

तर मूळ कल्पना अशी: एक गोष्ट येऊन दुसरीला भिडते. दगड पायाला भिडतो, भूक पोटाला, खर्च खिशाला. माणसाने ते मुद्दाम केलेलं नसतं. मुद्दाम केलं की क्रियापद बदलतं आणि ‘लावणे’ होतं. या जोडीचा सगळा स्वभाव एका रोजच्या वाक्यात दिसतो: ‘मी फोन लावला, पण लागला नाही.’ लावणं माझ्या हातात होतं, लागणं नव्हतं.

तशाच जोड्या घरात फिरताना गोळा करा. आईने दिवा लावला, दिवा लागला. मुलांना सवय लावली, सवय लागली. दार ओढलं आणि कुलूप आपोआप लागलं. शास्त्रज्ञाने शोध लावला, हरवलेल्या मुलाचा शोध लागला. भूतकाळात ‘लावणे’च्या कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो (‘तिने दिवा लावला’; फक्त ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ तसेच राहतात), ‘लागणे’च्या कर्त्याला कधीच नाही.

पायरी २: ‘ला’ कोणाला आहे ते शोधा

मराठी वाक्यात ‘लागणे’ दिसलं की आधी ‘ला’ लागलेला शब्द शोधायचा, मग क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतंय ते पाहायचं.

‘मला दोन तास लागले.’ ‘मला’ म्हणजे ज्याला भिडलं तो. ‘लागले’ चाललंय तासांच्या मागे. ‘मला एक वाटी साखर लागते’, ‘तीन अंडी लागतात’, ‘पीठ कमी लागलं’: प्रत्येक वेळी वस्तू बदलली की क्रियापद बदललं, माणूस जागचा हलला नाही. नवशिके इथे हमखास ‘मी दोन तास लागलो’ म्हणतात. त्यांच्या मनात काम करणारा ‘मी’ असतो. मराठीला इथे काम करणारा दिसत नाही, खर्च झालेले तास दिसतात.

‘ला’ नेहमी माणसालाच असेल असं नाही. झाडाला कैऱ्या लागतात, लोखंडाला गंज लागतो, ज्वारीला कीड लागते, विहिरीला पाणी लागतं. गावाकडे विहीर खणताना ‘पाणी लागलं!’ अशी हाक आली की सगळं शिवार धावत येतं. एवढ्या दोन शब्दांत आनंद मावणारी वाक्यं भाषेत फार नसतात.

कधी ‘ला’ दिसतच नाही, कारण गोष्ट सगळ्यांनाच भिडलेली असते. साधारण ७ जूनला मृग लागतो, मग आर्द्रा लागतात. श्रावण लागला, ग्रहण लागलं, बारावीचा निकाल लागला. या सगळ्यांत ‘सुरू झाला’ किंवा ‘जाहीर झाला’ म्हणता येईल, पण ‘मृग सुरू झाला’ ऐकताना पेरणीची लगबग ऐकू येत नाही.

पायरी ३: आधी दुसरं क्रियापद असेल तर जास्त सावध व्हा

हा भाग नीट समजून घ्या. सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात.

‘मी काम करायला लागलो.’ म्हणजे सुरुवात केली.
‘मला काम करायला लागलं.’ म्हणजे करणं भाग पडलं.

‘करायला’ दोन्हीकडे तेच आहे. फरक फक्त ‘मी’ आणि ‘मला’ यांचा. ‘मी’, ‘ती’, ‘पाऊस’ असा साधा कर्ता असेल तर आरंभाचा अर्थ: पाऊस पडायला लागला, ती रडायला लागली, मूल चालायला लागलं. माणूस ‘ला’मध्ये गेला की सक्तीचा अर्थ: मला थांबायला लागलं, तिला परत जायला लागलं.

दोन्ही अर्थांसाठी आणखी एकेक रूप आहे आणि त्यांत गोंधळाला जागाच नाही. आरंभासाठी ‘-ऊ लागणे’: ती बोलू लागली, वारे वाहू लागले. हे लिखाणात, गोष्टीत जास्त शोभतं. सक्तीसाठी ‘-आवं लागणे’: मला जावं लागेल, त्यांना थांबावं लागलं. बोलण्यात आणि लिहिण्यात दोन्हीकडे चालतं. नवीन शिकणाऱ्याने सक्तीसाठी सुरुवातीला हेच रूप धरावं.

यात कर्म आलं की ‘-आवं’ आणि ‘लागणे’ दोन्ही त्याच्याप्रमाणे बदलतात. फॉर्म भरावा लागतो. गोळी घ्यावी लागते. दोन गोळ्या घ्याव्या लागल्या. तिकीट काढावं लागलं. हे पाच-दहा वेळा मोठ्याने म्हटल्याशिवाय जिभेवर बसत नाही, आणि बसलं की आयुष्यभर राहतं.

नकार करताना आणखी एक काळजी घ्या. ‘तुम्हाला यावं लागणार नाही’ म्हणजे येण्याची गरज नाही, आलात तर हरकतही नाही. ‘तुम्ही येऊ नका’ म्हणजे मनाई. पहिलं म्हणायचं असताना दुसरं म्हटलं तर समोरचा दुखावला जाईल.

विदर्भात गेलात तर ‘करा लागते’, ‘जा लागते’ असं ऐकू येईल. अर्थ सक्तीचाच. त्याला अशुद्ध समजून दुरुस्त करायला जाऊ नका. ती तिथली बोली आहे आणि तिचे नियमही पक्के आहेत.

एक छोटी जागा राहिली. ‘ती हसू लागली’ आणि ‘तिला हसू आलं’. पहिल्यात ‘हसू’ क्रियापदाचं रूप आहे, दुसऱ्यात नाम. ‘तिला हसू लागलं’ असं मराठीत होत नाही.

पायरी ४: ‘लागणे’ की ‘वाटणे’?

हिंदी किंवा गुजराती येणाऱ्याला ‘लागणे’ ओळखीचं वाटतं, आणि तिथेच पाय घसरतो. हिंदीत ‘मुझे लगता है’, गुजरातीत ‘मने लागे छे’. मन आणि शरीर दोन्हींचा कारभार तिथे या एकाच धातूकडे असतो. मराठीत मनाचा कारभार ‘वाटणे’कडे गेलेला आहे.

‘मला लागलं तू येशील’ असं म्हणालात तर ऐकणारा आधी तुमच्या गुडघ्याकडे बघेल. एकट्या ‘मला लागलं’चा अर्थ ‘मला इजा झाली’. मत, भावना, अंदाज यांसाठी: मला वाटलं तू येशील, मला भीती वाटते, लाज वाटते, कंटाळा येतो, राग येतो, तुम्हाला भेटून बरं वाटलं.

हिंदीत थंडी ‘लगती’ असली तरी मराठीत ती वाजते: ‘मला थंडी वाजतेय.’ उन्हाळ्यात ‘मला उकडतंय’. पण भूक आणि तहान मात्र हिंदीसारख्याच लागतात. यामागे नियम शोधत बसू नका, ही मोजकी वाक्यं आहेत, तशीच उचला.

झोपेची गंमत वेगळी. ‘मला झोप आली’ म्हणजे डोळे जड झालेत, अजून जागा आहे. ‘मला झोप लागली’ म्हणजे झोपून गेलो. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या होतं ते ‘जरा डोळा लागला’.

आता ‘छान’. ‘आमटी छान लागली’ म्हणजे चवीला. ‘तुमचं घर पाहून छान वाटलं’ म्हणजे मनाला. ‘सिनेमा अच्छा लगा’ याचं मराठी ‘सिनेमा आवडला’. चवीच्या बाबतीत ‘लागणे’ अगदी मोकळेपणाने वापरा: कारलं कडू लागतं, ताक आंबट लागलं, आज भाजी अळणी लागतेय.

मनाच्या प्रांतात ‘लागणे’ पूर्ण बंद आहे असंही नाही. बाहेरचा शब्द आत जाऊन टोचला तर मराठी माणूस ‘त्याचं बोलणं मनाला लागलं’ म्हणतो, फार खोल गेलं तर ‘जिव्हारी लागलं’. आणि हळूहळू येऊन जडतात त्या गोष्टी तर लागतातच: लळा, माया, ओढ, नाद, वेड, चटक, छंद. नातवंडांचा लळा लागतो, गाण्याचं वेड लागतं, पुस्तकांचा नाद लागतो. यांत कोणी ठरवून काही केलेलं नसतं, पहिल्या पायरीवरची कल्पनाच इथे पुन्हा काम करते.

पायरी ५: हवं, पाहिजे आणि लागतं

‘मला सकाळी चहा लागतो’ ही सवय सांगितली. ‘मला चहा हवाय’ किंवा ‘चहा पाहिजे’ ही आत्ताची इच्छा. हॉटेलात वेटरला ‘मला एक चहा लागतो’ म्हणू नका, ‘एक चहा द्या’ पुरे. उलट, पाककृती सांगताना ‘हवं’पेक्षा ‘लागतं’ जास्त सहज येतं: पुरणपोळीला किती गूळ लागतो, किती डाळ लागते.

यजमान म्हणून एक वाक्य तर पाठच करून ठेवा: ‘काही लागलं तर सांगा हं.’ पाहुण्याला खोली दाखवताना, पंगतीत वाढताना, दवाखान्यात कोणाला भेटून निघताना हेच वाक्य चालतं. ‘काही हवं असेल तर सांगा’ हेही बरोबर आहे, पण ‘लागलं तर’ म्हटल्याने मागणाऱ्याचा संकोच कमी होतो. गरज आपली आपण आली, त्याने हट्ट केला नाही.

बाजारात दुकानदार ‘किती लागेल?’ विचारतो तेव्हा तो वजन विचारतोय. तुम्हाला भाव विचारायचा असेल तर ‘भेंडी कशी दिली?’ म्हणा, आणि घासाघीस करायची तर ‘मावशी, नीट लावा’. इथे भाव ‘लावतात’, कारण तो विकणाऱ्याच्या हातात आहे.

सरकारी कचेरीत दोन भाषा एकाच खिडकीवर भेटतात. भिंतीवरच्या फलकावर ‘आधार कार्डाची प्रत जोडणे आवश्यक आहे’ आणि खिडकीतून ‘आधारची झेरॉक्स लागेल’. अर्ज लिहिताना फलकाची भाषा, बोलताना खिडकीची.

रोज भेटणाऱ्या काही जागा

प्रवासात ‘लागणे’ म्हणजे वाटेत येणे. पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाट लागतो, मग सातारा, मग कराड. स्टँडवर ‘नाशिकची गाडी लागली’ म्हणजे फलाटावर येऊन उभी राहिली, धावा. ‘मला गाडी लागते’ म्हणजे प्रवासात मळमळतं, उलटी होते. दोन्हींत ‘गाडी लागणे’ तेच, पण दुसऱ्यात ‘मला’ आहे. पुन्हा पायरी २.

डॉक्टरांकडे जाताना हे लक्षात ठेवा. जिना चढताना दम लागतो, धाप लागते. ठसका लागतो, उचकी लागते. आपटून मुका मार लागतो. पण सर्दी होते, ताप येतो, उलटी होते, डोकं दुखतं. साथीच्या रोगाची लागण होते.

नोकरीधंद्यात ‘लागणे’ म्हणजे वाट्याला येणे. नोकरी लागली, इंजिनिअरिंगला नंबर लागला, कोर्टात तारीख लागली, निवडणुकीची ड्यूटी लागली, उद्या मीटिंग लागलीये. ‘मीटिंग लागली’ आणि ‘मीटिंग सुरू झाली’ यांत गल्लत करू नका. पहिलीत ती ठरली एवढंच आहे, तुम्ही अजून जेवू शकता.

नात्यांत हे क्रियापद फार नाजूक काम करतं. ‘हे तुमचे कोण लागतात?’ असं लग्नकार्यात विचारलं जातं. उत्तर: ‘माझे चुलत सासरे लागतात’, ‘नात्याने तो माझा भाचा लागतो’. आई, वडील, सख्खी भावंडं यांच्यासाठी मात्र ‘ही माझी आई आहे’ असंच म्हणतात. ‘ती माझी आई लागते’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल काहीतरी लपवताय. जे नातं मोजून, धागा जुळवून सांगावं लागतं तिथेच ‘लागणे’ येतं.

स्वयंपाकघरात ‘दूध लागलं’ म्हणजे तळाशी करपलं. आणि संध्याकाळी दिवे लागतात ती वेळ ‘दिवेलागण’. हा शब्द शहरात कमी ऐकू येतो, तरी वापरात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. ‘दिवेलागणीला ये’ म्हटलं की घड्याळात किती वाजले ते सांगावं लागत नाही.

बदली शब्द निवडताना

लिहिताना ‘लागणे’ फार वेळा आलं की बदलावंसं वाटतं. बदला, पण वाक्याची बांधणीही बदलेल हे धरून चला.

गरजेच्या अर्थी ‘आवश्यक असणे’, ‘गरज असणे’, ‘गरज भासणे’. ‘मला मदत लागेल’चं ‘मला मदतीची गरज भासेल’ होतं, म्हणजे मदतीला ‘ची’ जोडावा लागला. आरंभाच्या अर्थी ‘सुरुवात करणे’. ‘तो जेवायला लागला’, पण ‘त्याने जेवायला सुरुवात केली’: इथे ‘ने’ आला. शिवाय हेतूही आला. ‘ती रडायला लागली’ सहज आहे, ‘तिने रडायला सुरुवात केली’ म्हटलं की ती ठरवून रडतेय अशी शंका येते. सक्तीसाठी ‘भाग पडणे’ जोरकस आहे: ‘मला राजीनामा देणं भाग पडलं’ यात नाइलाज जास्त दिसतो. रोजच्या दूध आणण्याला तो शब्द जड होतो.

इजेसाठी बातमीत ‘दुखापत होणे’, घरात ‘लागणे’. पडलेल्या मुलाला ‘दुखापत झाली का?’ असं कोणी विचारत नाही, ‘लागलं का रे?’ असंच विचारतात. सवयी-व्याधींसाठी ‘जडणे’: व्याधी जडली, व्यसन जडलं. ‘जडणे’ सुटायला कठीण अशा गोष्टींसाठी राखून ठेवावं. नोकरी ‘लागली’ आणि ‘मिळाली’ दोन्ही चालतात, ‘लागली’मध्ये आता मार्गी लागला हा सुस्कारा जास्त.

‘वाट लागली’ला मात्र मवाळ प्रतिशब्द शोधू नका. ते बोलण्यातलं आहे, मित्रांत वापरा. साहेबांना पाठवायच्या ईमेलमध्ये ‘मोठं नुकसान झालं’ लिहा.

शंका आली की कोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. ‘लागणे’ची नोंद दोन्हींत चांगलीच लांब आहे. ती एका बैठकीत वाचू नका. दिवसभरात ऐकलेलं एखादं वाक्य घेऊन जा आणि ते त्या नोंदीत कुठे बसतं ते शोधा.

थोडा सराव

पुढची वाक्यं वाचा आणि उत्तर वाचण्याआधी स्वतः ठरवा.

‘नवी चप्पल लागतेय.’
‘शाळेसाठी नवी चप्पल लागेल.’
‘आम्हाला रात्रभर जागायला लागलं.’
‘आम्ही रात्री जागायला लागलो.’
‘तू माझा कोण लागतोस?’

पहिल्यात चप्पल पायाला घासतेय, फोड येण्याआधी काढा. दुसऱ्यात ती विकत आणायची आहे. तिसऱ्यात ‘आम्हाला’ आहे, म्हणून नाइलाजाने जागरण झालं. चौथ्यात ‘आम्ही’ आहे, म्हणून जागायची सवय सुरू झाली. पाचवं लग्नघरात हसत विचारलं तर चौकशी आहे: मामेभाऊ की मावसभाऊ, ते सांगून मोकळे व्हा. तेच भांडणात, ‘तू’वर जोर देऊन आलं, तर ‘तुझा माझ्यावर काय हक्क?’ असा त्याचा अर्थ होतो. तिथे नातं सांगायला जाऊ नका.